कॅन्डिडाची पकड

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण लिटरभर लाळ सुटते आणि ती सगळी पोटात जाते. गालाच्या आतलं अस्तरही जागच्या जागी राहत नाही. त्याच्या वरच्या थरातल्या पेशी सतत सुटतात आणि लाळेबरोबर वाहून जातात. अशा वाहत्या जागेत कॅन्डिडा अल्बिकान्स नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या तळ ठोकून असतं. त्याची पेशी पाचेक मायक्रोमीटरची. तिला पोहता येत नाही, सरपटता येत नाही. मग ती तिथं टिकते कशी? प्रश्न साधा आहे, पण वैद्यकाला तो नीट विचारायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. त्याआधीची सव्वाशे वर्षं या बुरशीला ओळखण्यात, तिला नाव देण्यात आणि मग तिला मारण्यात गेली.

ओळखीची सुरुवातच चुकीच्या पायावर झाली. 1839 साली बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या तरुण जर्मन डॉक्टरने टायफसने दगावलेल्या एका रुग्णाच्या तोंडातला आणि अन्ननलिकेतला पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात बुरशीचे तंतू होते. टायफस हिच्यामुळेच झाला, असं त्याने ठरवून टाकलं. पुढे हाच लांगेनबेक बर्लिनमधला नामांकित शल्यचिकित्सक झाला आणि या निरीक्षणाकडे परत फिरकला नाही. दोनच वर्षांनी स्टॉकहोममध्ये फ्रेडरिक थिओडोर बर्गने योग्य धागा पकडला. तो सोडून दिलेल्या बालकांच्या संस्थेत काम करत होता. तिथल्या तान्ह्या मुलांच्या जिभेवर आणि टाळ्यावर, फाटलेलं दूध चिकटावं तसे पांढरे चट्टे येत, मूल अंगावर पिईना, काही मुलं दगावत. हे चट्टे बुरशीचे आहेत असं त्याने दाखवलं. ते सिद्ध करायला त्याने निरोगी बालकांच्या तोंडात हा थर लावून आजार उठवला, अशीही नोंद मिळते. त्या मुलांच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं, म्हणूनच ते शक्य झालं, हे ही नोंद वाचताना विसरता येत नाही. बर्ग पुढे बालरोगांचा प्राध्यापक झाला आणि नंतर स्वीडनच्या सांख्यिकी खात्याचा पहिला प्रमुख.

1842 मध्ये पॅरिसला डेव्हिड ग्रुबीने स्वतंत्रपणे तेच पाहिलं. 1853 मध्ये शार्ल रॉबँने तिला ओइडियम अल्बिकान्स म्हटलं, 1890 मध्ये झॉप्फने मोनिलिया केलं, आणि मधल्या काळात इतरांनी डझनावारी नावं ठेवली. 1923 मध्ये क्रिस्टीन बर्कहाउट या डच विदुषीने उत्रेख्तच्या आपल्या प्रबंधात हा गुंता सोडवून कॅन्डिडा ही प्रजाती वेगळी काढली. नावाचा प्रश्न मिटला, पण बुरशी नेमकं काय करते हे तरीही कोणाला ठाऊक नव्हतं.

मग प्रतिजैविकांचं युग आलं आणि या यीस्टचं नशीब उघडलं. पेनिसिलिन आणि पाठोपाठ आलेल्या औषधांनी तोंडातले, आतड्यातले जिवाणू झोडपून काढले. मोकळ्या झालेल्या जागेवर कॅन्डिडा पसरलं. जिवाणूंवरची औषधं जितकी खपली तितकी बुरशीवरच्या औषधाची गरज वाढली. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी निस्टॅटिन जाहीर केलं. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जिवाणू वाढवायची, ब्राउन ऑल्बनीत त्यांच्यातलं रसायन वेगळं करायची, आणि नमुन्यांची ये-जा टपालाने चालायची. कामाचा जिवाणू सापडला तो व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतातल्या मातीत.

दहाएक वर्षांत त्याच जातीचं औषध आपल्याकडेही सापडलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन मिळवलं. त्या जिवाणूला त्यांनी पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव दिलं. आज पिंपरी म्हटलं की मोटारींचे कारखाने आठवतात. साठच्या दशकात तिथल्या मातीचं नाव बुरशीशास्त्राच्या नियतकालिकांतून फिरत होतं, हे पुण्यातही फारसं कोणाच्या लक्षात नाही. निस्टॅटिन काय, हॅमायसिन काय, या कुळातली औषधं यीस्टच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉल या मेदपदार्थाला धरतात आणि पटल गळकं करतात. म्हणजे औषधाचा घाव भिंतीच्या आत बसतो. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काय चाललंय याकडे अजून कोणी पाहिलं नव्हतं.

ते पाहायला लावलं तोंडातल्या जिवाणूंच्या अभ्यासकांनी. दातावर कीटण का बसतं, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यामुळे चिकटणं हा रोगाचा पहिला टप्पा असतो हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. 1973 मध्ये लिल्येमार्क आणि गिबन्स यांनी जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात कॅन्डिडा कितपत टिकतं ते पाहिलं आणि स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू आधीपासून असले की त्याला जागा कमी मिळते असं दाखवलं. 1978 मध्ये किमुरा आणि पिअरसॉल यांनी माणसाच्या गालातल्या पेशी आणि कॅन्डिडा यांची समोरासमोर गाठ घालून दिली.

हा प्रयोग त्या काळात जगभर झाला, आणि करायलाही सोपा. स्वयंसेवकाने गालाच्या आतल्या बाजूने बोळा किंवा लाकडी पट्टी घासायची, निघालेल्या पेशी खारट द्रावणात धुवायच्या, त्यात मोजून यीस्ट घालायचं आणि मिश्रण शरीराच्या तापमानाला हलवत ठेवायचं. मग सगळं गाळणीतून धुवून काढायचं. गालाच्या पेशी मोठ्या, त्या गाळणीवर राहतात. मोकळं यीस्ट निघून जातं. उरलेल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजायच्या आणि प्रत्येकीवर किती यीस्ट बसलंय ते लिहायचं. डोळे दुखवणारं काम, पण त्यातून पहिल्यांदाच आकडे मिळाले. लाळेत भिजवलेलं यीस्ट जास्त चिकटतं, हेही याच प्रयोगांतून कळलं. जी लाळ त्याला वाहून नेते, तिचाच त्याला आधार मिळतो.

ग्लासगोत ज्युलिया डग्लस यांनी दुसरा पृष्ठभाग निवडला: कवळीचं अ‍ॅक्रिलिक. कवळी वापरणाऱ्यांच्या टाळ्यावर कॅन्डिडाची लाली येते हे दंतवैद्यांना रोज दिसतं. डग्लस आणि मॅककोर्टी यांनी यीस्ट भरपूर गॅलॅक्टोज घातलेल्या माध्यमात वाढवलं, तेव्हा ते अ‍ॅक्रिलिकला कितीतरी जास्त चिकटू लागलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींवर तंतूंची एक जादा झालर दिसली, आणि तिच्यातलं द्रव्य होतं मॅनोज शर्करेने मढलेलं प्रथिन. संशयित सापडला होता, पण त्याचं नाव-गाव कळायला जनुक हातात यायला हवं होतं.

याच सुमाराला रोगाने स्वतःच निकड वाढवली. 5 जून 1981 च्या अमेरिकी साप्ताहिक आरोग्य अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाचं टिपण आलं. पुढे ज्याला एड्स म्हणू लागले त्याची ती पहिली नोंद. पाचही जणांना कॅन्डिडाचा श्लेष्मल संसर्ग झालेला होता. पुढच्या दशकात तोंडातला आणि घशातला पांढरा थर ही एचआयव्ही वॉर्डांची रोजची ओळख झाली. कॅथेटर, मोठ्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी यांच्यामुळे रक्तात शिरलेलं कॅन्डिडा वेगळंच. जे यीस्ट निम्म्या लोकांच्या अंगावर बिनबोभाट राहतं, ते जीव घेऊ लागलं, तेव्हा संशोधनाला पैसा आणि माणसं मिळाली.

तरी जनुकांपर्यंत पोचणं सोपं नव्हतं, कारण कॅन्डिडा अल्बिकान्स जनुकशास्त्राला जिथं तिथं अडवतं. प्रत्येक जनुकाच्या त्याच्याकडे दोन प्रती असतात, त्यामुळे एक काढून भागत नाही. त्याचा संयोग होतो हेच मुळी 2000 पर्यंत कोणी पाहिलं नव्हतं, म्हणजे संकर करून उत्परिवर्तन तपासायची सोय नाही. वर त्याची जनुकीय लिपीही जगावेगळी: जो सीयूजी संकेत इतर जवळपास सगळीकडे ल्यूसिन हे अमिनो आम्ल आणतो, तो इथं सेरिन आणतो. त्यामुळे बाहेरची जनुकं त्यात घातली की बिघडतात. चकाकणारं हिरवं प्रथिनसुद्धा त्यात चमकेना. 1997 मध्ये ब्रेंडन कॉरमॅक आणि सहकाऱ्यांनी त्याच्या लिपीत ते जनुक नव्याने लिहिलं, तेव्हा ते चमकलं. 1993 मध्ये फॉन्झी आणि अरविन यांनी दोन्ही प्रती एकामागून एक उडवायची युक्ती बसवली. तीही मूळची पाव फुगवणाऱ्या यीस्टची.

मला या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा वाटा त्या पावाच्या यीस्टचाच वाटतो. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी माणसाला आजारी पाडण्यासाठी ओळखलं जात नाही. पण त्याचं लग्न कसं होतं याचा अभ्यास न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात पीटर लिपके वर्षानुवर्षं करत होते. या यीस्टमध्ये ए आणि अल्फा अशा दोन जाती असतात. एकमेकींचा सुगावा लागला की त्यांच्या पृष्ठभागावर अ‍ॅग्लुटिनिन नावाची प्रथिनं येतात आणि दोन पेशी एकमेकींना घट्ट धरतात. आजाराशी काहीही संबंध नसलेलं, कोणाच्या डोळ्यांत न भरणारं हे काम. 1995 मध्ये लोइस हॉयर आणि सहकाऱ्यांनी कॅन्डिडातून एक जनुक काढलं. त्याचा पुढचा भाग या अल्फा अ‍ॅग्लुटिनिनशी जुळणारा होता. मधे 36 अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला. अ‍ॅग्लुटिनिनसारखं म्हणून त्याला एएलएस-1 म्हटलं.

मग कामाला वेग आला. 1997 मध्ये नंद गौर आणि स्टीफन क्लॉट्झ यांनी उलट्या दिशेने मासा पकडला. पावाच्या यीस्टला आपल्या ऊतींतल्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांचं फारसं आकर्षण नसतं. गौर यांनी कॅन्डिडाच्या जनुकांचे तुकडे त्यात घातले, प्रत्येक पेशीत वेगळा तुकडा. मग फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांचा लेप दिलेले बारीक चुंबकी मणी त्यांच्यात सोडले. नळीच्या बाजूला लोहचुंबक धरलं की मणी भिंतीला येतात, बाकीचा द्रव ओतून टाकता येतो. मण्यांना लटकून आलेल्या पेशींत जो तुकडा होता, त्यात चिकटण्याचं जनुक होतं. ते एएलएस-1 चंच भावंड निघालं. नाव मात्र वेगळं पडलं आणि नंतर कुटुंबात एएलएस-5 म्हणून बसलं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये एडवर्ड्स आणि फिलर यांच्या गटाने एएलएस-1 पावाच्या यीस्टला दिलं आणि ते निरुपद्रवी यीस्ट माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटायला लागलं. शेवटी एकूण आठ जनुकं निघाली: एक ते सात आणि नऊ. आठवं म्हणून मोजलेलं जनुक तिसऱ्याचीच दुसरी प्रत होती, त्यामुळे ती जागा आजही रिकामी आहे.

नुसतं चिकटणं आणि कायमचं जोडलं जाणं यात फरक आहे. 1999 च्या मार्चमध्ये सायन्समध्ये जॅनेट स्टाब, पॉला सुंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांचा लेख आला, तो माझ्या मते या सगळ्या काळातला सर्वांत देखणा शोध आहे. कॅन्डिडा रक्तद्रवात शरीराच्या तापमानाला ठेवलं की दोन-तीन तासांत गोल पेशीतून लांब नळी फुटते. ही जर्म ट्यूब टेस्ट आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही होते. तंत्रज्ञ काचपट्टीवर ती नळी पाहून अल्बिकान्स असा शेरा मारतात. ही नळी म्हणजे तंतुरूपाची सुरुवात, आणि तंतूच्या भिंतीवर एचडब्ल्यूपी-1 नावाचं प्रथिन येतं.

आता गालाच्या पेशी पाहा. त्या वरच्या थरात येतात तशा स्वतःभोवती प्रथिनांचं चिवट कवच विणतात. हे विणकाम ट्रान्सग्लुटामिनेज हे आपलं विकर करतं. एका प्रथिनातल्या ग्लुटामिनला दुसऱ्यातल्या लायसिनशी पक्कं रासायनिक बंधन घालतं. एचडब्ल्यूपी-1 च्या टोकाचा भाग ग्लुटामिनने भरलेला असतो आणि आपल्याच कवचाच्या प्रथिनांसारखा दिसतो. विकर फसतं आणि यीस्टच्या प्रथिनालाही त्याच विणीत घेतं. ही जोडणी इतकी पक्की की तापवलेल्या साबणद्रावणातही सुटत नाही. ज्या कॅन्डिडातून हे जनुक काढलं, त्याला गालाच्या पेशींशी अशी पक्की जोडणी करता आली नाही, आणि उंदरांनाही त्याने कमी मारलं. म्हणजे पकड एकट्या यीस्टची नव्हतीच. तिचा अर्धा भाग आपण पुरवत होतो. पुढच्या शोधांतही हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुन्हा समोर आली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सायन्समध्येच कॉरमॅक आणि स्टॅनले फॉल्को यांचा कॅन्डिडा ग्लाब्राटावरचा लेख आला. हे यीस्ट नावाने कॅन्डिडा असलं तरी रक्ताने पावाच्या यीस्टच्या जवळचं. आता तर त्याला नाकासेओमायसिस या वेगळ्या प्रजातीत टाकलंय. त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे उत्परिवर्तनं करून शोध घेता येतो. खूण लावलेली हजारो उत्परिवर्तनं त्यांनी माणसाच्या पेशींवर सोडली आणि जी चिकटली नाहीत त्यांचा माग काढला. ईपीए-1 हे एकच जनुक काढल्यावर चिकटणं 95 टक्क्यांनी घटलं. एवढं होऊनही उंदरांतल्या संसर्गात फरक पडला नाही. काहींनी याचा अर्थ चिकटणं तितकंसं महत्त्वाचं नाही असा काढला, पण उत्तर दुसऱ्या टोकाला होतं. ईपीए हे मोठं कुटुंब आहे आणि त्यातली बरीच जनुकं गुणसूत्राच्या टोकाशी झाकून ठेवलेली असतात. ते झाकण राखायला यीस्टला एनएडी हा रेणू लागतो, आणि तो बनवायला निकोटिनिक आम्ल, म्हणजे बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतलं नायसिन. ग्लाब्राटाला ते स्वतः तयार करता येत नाही. लघवीत ते कमी असतं. 2005 मध्ये दोमेर्ग आणि कॉरमॅक यांनी दाखवलं की मूत्राशयात पोचलेल्या यीस्टला नायसिनचा तुटवडा पडतो, झाकण उघडतं आणि ईपीए-6 सारखी निजलेली जनुकं जागी होतात. आपण कुठं येऊन पडलो आहोत हे यीस्टला असं कळतं. (याचा अर्थ नायसिनच्या गोळ्या खाऊन लघवीचा संसर्ग टळतो असा कोणी काढू नये.)

या दहा-बारा वर्षांतली एक गडबड सांगायला हवी, कारण संशोधनाच्या गोष्टीत ती बहुतेक गाळली जाते. जनुक उडवताना यूआरए-3 नावाचं जनुक खूण म्हणून वापरत. ते गुणसूत्रावर कुठं बसलंय यावर यीस्टचा जोम बदलतो, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे अमुक जनुक काढल्यावर उंदीर वाचले, यातला काही वाटा खुणेचाही असू शकत होता. अनेक निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. त्यातून पकडीच्या प्रथिनांची मूळ कल्पना टिकून राहिली, पण आकड्यांवरचा विश्वास थोडा खाली आला.

एएलएस कुटुंबातला खरा पुढारी निघाला तो एएलएस-3. तोही तंतूंवरच येतो. 2007 मध्ये क्वांग फान, स्कॉट फिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे प्रथिन नुसतं चिकटत नाही, आत शिरायची वाटही काढतं. आपल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी. एएलएस-3 नेमकं त्यांनाच धरतं, आणि पेशीला वाटतं की आपल्यापाशी आलेलं हे काही आत ओढून घ्यायचं आहे. ती यीस्टला गिळते. फान यांनी एएलएस-3 चा लेप दिलेले निर्जीव लॅटेक्सचे मणी पेशींवर टाकले, तर तेही आत घेतले गेले. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या बर्नहार्ड ह्यूबे यांच्या गटाने आणखी एक गंमत काढली: आपल्या पेशींतलं लोह ज्या फेरिटिनमध्ये साठवलेलं असतं, त्यालाही तंतू एएलएस-3 नेच धरतो आणि लोह मिळवतो. एकाच प्रथिनाने दार शोधायचं, आत जायचं आणि तिथली शिदोरीही उघडायची.

एकच प्रथिन इतक्या निरनिराळ्या गोष्टी कसं धरतं? हे कोडं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात एर्नेस्टो कोटा यांच्या गटाने उलगडलं. 2011 मध्ये एएलएस-9 ची आणि 2014 मध्ये एएलएस-3 ची त्रिमितीय रचना त्यांनी काढली. प्रथिनाच्या टोकाशी एक खोबण आहे, आणि तिच्यात दुसऱ्या प्रथिनाचं मोकळं शेपूट, शेवटची सहाएक अमिनो आम्लं, बसतं. शेपटात कोणती आम्लं आहेत याची फारशी तक्रार नसते. शेपूट नसलेलं प्रथिन कुठून असणार?

मोठ्या ताणाला ही प्रथिनं कशी तग धरतात, याचं उत्तर लिपके आणि बेल्जियमचे इव्ह डुफ्रेन यांनी 2010 मध्ये दिलं. डुफ्रेन यांच्याकडे अणुबल सूक्ष्मदर्शक होता, म्हणजे अतिशय बारीक टोकाची सुई, जी एका रेणूला धरून ओढू शकते. त्यांनी जिवंत यीस्टच्या पृष्ठभागावरचा एएलएस-5 चा एक रेणू पकडून ताणला. हळूहळू पेशीच्या सगळ्या पृष्ठभागावर तीच प्रथिनं एकत्र येऊन ठिपक्यांसारखे पुंजके करू लागली. प्रथिनातला एक छोटासा भाग ताणाने उलगडतो आणि शेजारच्या प्रथिनातल्या तशाच भागाशी थरावर थर रचून घट्ट बसतो. हीच अमायलॉइडची रचना, जी मेंदूच्या विकारांमुळे आपल्याला माहीत आहे. त्या भागातलं एकच अमिनो आम्ल बदललं की पुंजके होत नाहीत. ओढा जितका जास्त, तितकी पकड घट्ट. लाळेच्या किंवा रक्ताच्या प्रवाहात राहणाऱ्याला याहून सोयीचं काय असेल!

तरी एक गोष्ट या सगळ्यांतून सुटत होती. पकडून बसलेलं, आत शिरलेलं यीस्ट आपल्या पेशीला इजा करतं कशाने? 1993 पासून ईसीई-1 नावाचं जनुक माहीत होतं, तंतू लांबताना जोरात चालणारं, पण त्याचं काम कोणाला कळत नव्हतं. 2016 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या ज्युलियन नाग्लिक यांच्या गटाने, ह्यूबे यांच्यासह, दाखवलं की या जनुकापासून निघालेल्या लांब साखळीचे तुकडे होतात आणि त्यातला 31 अमिनो आम्लांचा एक तुकडा पेशीच्या पटलाला भोकं पाडतो. त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. हे विष हवेत किंवा पाण्यात सुटून विरून गेलं तर निष्फळ. तंतू पेशीला चिकटून, तिच्या पटलात खोलगट खळी पाडून बसलेला असतो, तेव्हा ते तिथंच साठतं. एचडब्ल्यूपी-1, एएलएस-3 आणि ईसीई-1 ही तिन्ही जनुकं यीस्टचं गोल रूप बदलून तंतुरूप आलं की एकत्र चालू होतात. चिकटणं, शिरणं आणि जखम करणं अशी कामाची फोड आपण सोयीसाठी केली. यीस्टसाठी तो एकच झटका आहे.

या ज्ञानाचा उपयोग म्हणून लस येईल अशी आशा होती. टॉरन्सच्या गटाने एएलएस-3 च्या टोकाच्या भागापासून लस बनवली आणि वारंवार योनीमार्गाच्या कॅन्डिडा संसर्गाने त्रस्त असलेल्या स्त्रियांवर तिची चाचणी झाली. निकाल 2018 मध्ये आला. सगळ्यांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा फरक ठसठशीत दिसला नाही. चाळीशीच्या आतल्या स्त्रियांना मात्र संसर्ग पुन्हा उलटेपर्यंतचा काळ लांबलेला दिसला. वयाचा असा तुकडा मागाहून पाडून काढलेला निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो. तरीही माणसात यीस्टच्या पकडीवर रोखलेली ती पहिल्या मोजक्या लसींतली एक होती, आणि तिचं प्रथिन स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं निघालं की उंदरांत ती त्या जिवाणूपासूनही थोडं संरक्षण देत होती.

दरम्यान दवाखान्यांत नवा पाहुणा आला होता. 2009 मध्ये जपानमधल्या एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातल्या स्रावातून कॅन्डिडा ऑरिस वर्णिलं गेलं. पुढच्या काही वर्षांत ते दिल्लीसह अनेक खंडांतल्या अतिदक्षता विभागांत निघालं, तेही बहुतेक नेहमीच्या औषधांना दाद न देणारं. 2021 मध्ये अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ते अंदमानच्या खारट दलदलीतून आणि वाळूच्या किनाऱ्यावरून वेगळं केलं, रुग्णालयाबाहेरच्या निसर्गातून पहिल्यांदाच. ऑक्टोबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली, तेव्हा सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडा अल्बिकान्सच्या बरोबरीने ऑरिसही होतं.

ऑरिस माणसाच्या कातडीवर आणि खाटेच्या दांड्यावर, प्लॅस्टिकच्या नळीवर आठवड्यानुआठवडे राहतं, आणि रुग्णालयाच्या सफाईतल्या काही जंतुनाशकांना पुरून उरतं. अल्बिकान्सच्या ओळखीच्या प्रथिनांवरून याचं उत्तर मिळेना. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टेरेसा ओमेरा यांच्या गटाने ते वेगळ्याच जागी शोधून काढलं: एससीएफ-1 नावाचं प्रथिन, जे एएलएस किंवा एचडब्ल्यूपी या कोणत्याच घरातलं नाही. इतर बुरश्या बहुतेक पाणी टाळणाऱ्या भागांच्या बळावर चिकटतात. हे प्रथिन धन भार असलेल्या अमिनो आम्लांच्या बळावर चिकटतं. समुद्राच्या लाटा खात खडकाला धरून राहणारे शिंपले पाण्याखाली पकड मिळवतात ती साधारण याच रसायनाने. ऑरिसच्या वेगवेगळ्या वाणांत हे जनुक कमी-जास्त जोराने चालतं, आणि ज्या वाणात ते जोरात चालतं तो वाण कातडीवर आणि रुग्णाच्या नळीवर जास्त दाट वसतो. हे जनुक काढून टाकलं की कातडीवरची वस्ती, नळीवरचा थर आणि उंदराच्या रक्तातला संसर्ग या तिन्ही आघाड्यांवर ऑरिस दुबळं पडतं.